बागेचे प्रश्न : मारण्याआधी ओळखा

प्रश्न : जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय. त्यात काही मोठे पांढरे किडे भरभर चालतात. साबणाचं पाणी फवारलं, तरी ढेकूण हटत नाही. (नाशिक)

उत्तर : चालणाऱ्यांना हात लावू नका. त्या बहुधा क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत आणि पिठ्या ढेकूण हेच त्यांचं खाणं. द्राक्षबागांत हे भुंगेरे मुद्दाम सोडतात. तुमच्याकडे आपणहून आलेत. अंगावर तसंच पांढरं मेण असल्यानं भलेभले फसतात. काडीनं डिवचून बघा. ढेकूण 3-4 मिमीचा आणि सुस्त. अळी 1 सेंमीच्याही पुढे वाढते, मेणाचे धागे लांब, विस्कटलेले, आणि डिवचताच चालू लागते. साबणाचं पाणी अंगावर पडलं की अळीही मरते, त्यामुळे ढेकणाचंच फावतं.

मुंग्या आहेत का तेही पाहा. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, अळ्यांना हुसकावतात. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. कुंडी विटांच्या तुकड्यांवर, पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. अळ्या नसलेल्या फांद्यांवरचा ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेनं पाडा.

प्रश्न : काकडी करंगळीएवढी झाली की पिवळी पडून गळते. आठवड्यातून एकदा सकाळी कीटकनाशक फवारतो. (पुणे)

उत्तर : आधी ही सकाळची फवारणी थांबवा. काकडीचं फूल सकाळी उमलतं आणि सातेरी, फुलोरी या मधमाश्या तेव्हाच येतात. परागकण कमी पडले की फळ वाकडं होतं किंवा गळतं. (पॉलिहाऊसच्या बिनबियांच्या वाणांना मात्र मधमाशीची गरज नसते.) फवारणं अगदीच भाग असेल तर सूर्यास्तानंतर निंबोळी तेल : लिटरभर पाण्यात 5 मिली, त्यात 1 मिली पातळ साबण. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं संध्याकाळीही नकोत. ती झाडातून मकरंदात आणि परागात उतरतात.

माश्या परतेपर्यंत सकाळी 9 च्या आत हातानं परागीभवन करा. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. मादी फुलामागे बारीक काकडी असते. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरा.

प्रश्न : पानांवर केसासारख्या देठांच्या टोकाला पांढरे ठिपके आहेत. बुरशी का? (सांगली)

उत्तर : नाही, क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी. पुसू नका, अळ्या मावा फस्त करतील.