आठवड्यातून एकदा, पण जीव तोडून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

एका रीलमध्ये मॅरेथॉनवाल्याचे खप्पड गाल आणि स्प्रिंटरच्या मांड्या शेजारी शेजारी पाहिल्यास, आणि लगेच लांब पळणं सोडायला निघालास! अरे, ती जागतिक दर्जाची माणसं. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे आठवड्याला २०० किलोमीटरच्या वर पळायचा. तुझे होतात जेमतेम वीस-पंचवीस. तेवढ्यानं मांड्या झडत नाहीत.

लांबचं पळणं चालू ठेव, शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा बेतानं. हृदय, दम, तुमच्या घरातली शुगर, सगळ्यासाठीच ते हवं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण ते तू करतोच आहेस.

माझं म्हणणं एवढंच, की आठवड्यातून एकदा जीव तोडून पळ. तू पाठवलेलं ते 'वीस राउंड, मध्ये तीस सेकंद विश्रांती' म्हणजे स्प्रिंट नव्हे. पूर्ण वेगाला लागणारं इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, स्नायूत दहाएक सेकंदांपुरतंच असतं, आणि ते पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात. चार-पाच राउंडनंतर तू नुसत्या धापा टाकतोस. दम वाढेल त्यानं, वेग नाही.

छोटासा चढ शोध. आठ-दहा सेकंद वर, मग रमतगमत खाली. पाच-सहा वेळा, बास. चढावर ढांग आखूड पडते, हॅमस्ट्रिंगवर, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंवर, ताण कमी येतो. आधी पंधरा-वीस मिनिटं हळू पळून अंग तापव. पोलीस भरतीची पोरं बघ, महिनोन्‌महिने १६०० मीटर घोटतात, १०० मीटर आठवतं शेवटच्या आठवड्यात, आणि मग मांडी धरून मैदानाच्या कडेला बसतात.

१९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकला पी. टी. उषाचं ब्राँझ एका शतांश सेकंदानं हुकलं, तेव्हा मी शाळेत होते, शंभर मीटर पळायचे. पुढे लग्न, पोरं, आणि 'बायकांनी आपलं चालावं.' पन्नाशीपर्यंत वेगानं पळणं झालंच नाही, ती रुखरुख अजून आहे. वयाबरोबर स्नायूंतले वेगाचे तंतू आधी बारीक होतात, आणि पायरी चुकली की सावरायला नेमके तेच लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारून मी पुन्हा सुरुवात केली. सोसायटीतले काका विचारतात, "बाई, बस चुकली का?" विचारू देत! जिना उतरताना कठडा कोण धरतं ते मी रोज बघते. आठवड्यातून एकदा जीव तोडून पळणं हा वेडेपणा असेल, तर मी वेडी.

वडिलांना यात ओढू नकोस. त्यांची आधी तपासणी, आणि तोवर चालणंच बरं.

रविवारी सहाला ये, चढ दाखवते. घड्याळ घरी ठेव, आणि ते टाच झिजलेले बूट घालून येऊ नकोस.

तुझ्या बाई