परसातला पिंगळा आणि आंब्याची ढोली

प्रश्न : आमच्या परसातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे लहान घुबडाची, जोडी राहते. दिवस मावळला की दोघांचा कलकलाट सुरू होतो. दिवसा त्यांतला एक ढोलीच्या तोंडाशी बसून आमच्याकडे टक लावून बघतो आणि मान वरखाली करतो. झाडाखाली केस आणि हाडे असलेल्या काळपट गोळ्या सापडतात, त्यामुळे सासूबाईंना करणीची शंका येते. ढोली सिमेंटने बुजवावी असे घरात चालले आहे. त्यातच परवा एक पिल्लू खाली पडलेले दिसले. आम्ही काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : ढोली कृपया बुजवू नका, आणि निदान आता तर मुळीच नको. पिंगळ्याची वीण साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते. एक पिल्लू खाली आले आहे, त्या अर्थी आत त्याची भावंडे असण्याची शक्यता बरीच आहे आणि ती सिमेंटखाली जिवंत गाडली जातील. पिंगळा स्वतः झाड कोरू शकत नाही. जुन्या झाडांच्या ढोल्या, पडक्या भिंतींतली भोके आणि कौलांखालच्या सांदी यांवरच त्याचा संसार अवलंबून असतो, आणि जुनी झाडे व जुनी घरे दोन्ही कमी होत असताना आपल्या आंब्याची ती एक ढोली फार मोलाची आहे.

सासूबाईंना त्या गोळ्या अवश्य उलगडून दाखवा. पिंगळा लहान भक्ष्य पुष्कळदा सगळेच गिळतो; त्यातले केस, हाडे, किड्यांची कठीण कवचे पचत नाहीत आणि ती गोळीच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकली जातात. हातमोजे घालून एखादी गोळी पाण्यात भिजवली आणि काडीने सुटी केली, तर उंदराचा जबडा, झुरळांचे पाय, भुंग्यांचे पंख असे काहीबाही हाती लागेल. करणीच्या शंकेला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही, कारण हा पक्षी आपल्या परसात रात्रभर काय करतो याचा हिशेब त्या गोळीतच असतो. मात्र उंदीर मारण्याचे विषारी औषध परसात ठेवू नका. ते खाल्लेला उंदीर पिंगळ्याने धरला, तर विष त्याच्याही पोटात जाते.

मान हलवण्यात धमकी नाही आणि शापही नाही. घुबडांचे डोळे खोबणीत जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळे समोरची वस्तू किती अंतरावर आहे हे ठरवण्यासाठी त्यांना सगळे डोकेच वरखाली आणि आजूबाजूला हलवावे लागते. संध्याकाळचा कलकलाट हा जोडीचा परस्परसंवाद आहे, शिवाय ही जागा आमची आहे हे शेजारच्या पिंगळ्यांना सांगणेही आहे. ज्याला या पक्ष्याची भाषा कळते असे मानले जाई, त्या पहाटे दारी येणाऱ्या पिंगळा जोशाला आपल्याच गावांनी धान्य वाढले आहे, तेव्हा पिंगळ्याचा आवाज सरसकट अशुभ मानण्याची परंपरा आहे असेही म्हणता येत नाही.

आता पिल्लाविषयी. अंगावर पिसे आलेली असतील आणि ते धडधाकट असेल, तर त्याला त्याच झाडाच्या फांदीवर, मांजर-कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवून आपण दूर व्हावे. अंधार पडला की आईबाप त्याला भरवतात. पिसे आली नसतील तर ते अलगद ढोलीत परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. त्याच्या चोचीत पाणी किंवा दूध मात्र ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकते. जखम दिसली तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. माया लागते हे खरे, तरी त्याला घरी पाळू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर बसणारा पिंगळा म्हणजेच दुर्मिळ वनपिंगळा का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : बहुधा नाही. बांधावर, विजेच्या तारेवर आणि घरांजवळ दिसणारा पिंगळा सुमारे 21 सेंटीमीटर लांबीचा असून त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, पाय दणकट असतात आणि तो प्रामुख्याने सागाच्या पानगळीच्या जंगलात राहतो व दिवसाही शिकार करतो. आपल्या प्रश्नाला महत्त्व आहे ते आपल्या गावामुळे: 1884 नंतर कोणाच्याही खात्रीशीर पाहण्यात न आलेला हा पक्षी 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. म्हणून जंगलाच्या कडेला भरदुपारी शिकार करणारा, साध्या डोक्याचा पिंगळा दिसलाच, तर लांबूनच त्याचे छायाचित्र घ्या, घरट्याजवळ जाऊ नका आणि जागा समाजमाध्यमांवर जाहीर न करता वनविभागाला कळवा.