हेल्मेटला व्हायझर असताना अग्निशामकाने वेगळा गॉगल घ्यावा का?

तुम्ही दलात नुकतेच रुजू झाला आहात, हेल्मेटला व्हायझर आहे आणि तुम्हाला चष्मा आहे. म्हणून गॉगलची गरज आहे का, असं विचारलंय. हो, गॉगल घ्याच. मीही याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हायझर चेहऱ्यासमोर असतो, पण चेहऱ्याला टेकत नाही. हनुवटीखाली आणि दोन्ही बाजूंना फट राहते. वर बघत फॉल्स सीलिंग ओढताना पडणारी भुकटी त्या फटीतून सरळ डोळ्यांत येते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं मानकसुद्धा नुसत्या व्हायझरला डोळ्यांचं मुख्य संरक्षण मानत नाही.

धुरात आत शिरताना बीए सेटचा (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वासाला हवा देणाऱ्या उपकरणाचा) फेसमास्क असतो, तेव्हा डोळ्यांची चिंता कमी. त्याची काच पॉलिकार्बोनेटची असते आणि साधारण १५० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. तिच्यावर बुडबुडे किंवा बारीक तडे दिसले, तर काम सोडून जोडीदारासह लगेच बाहेर पडायचं.

खरा धोका आग विझल्यावर. कूलिंग, म्हणजे उरलेली धग पाण्याने थंड करणं, सुरू होतं, घामाने जीव नकोसा झालेला असतो, सगळे मास्क काढतात आणि पहारीने ढिगारा उपसायला लागतात. राख, गिलाव्याचे कण, खिळे, सगळं याच वेळी उडतं. मास्क उतरला की गॉगल चढला पाहिजे.

अपघातात अडकलेली गाडी कापतानाही तेच. बाजूची काच फुटली की तिचे दाणे होतात, ते निदान दिसतात. पुढची काच थरांची असते, ती करवतीने कापावी लागते आणि तिचं पिठासारखं चूर्ण उडतं. ते हातमोज्यांवर बसतं. मग कपाळावरचा घाम त्याच हातमोज्याने पुसला की काच डोळ्यात गेलीच. आत अडकलेल्या माणसाचा चेहराही कापायच्या आधी झाका, त्याच्याकडे तर काहीच नसतं.

गॉगल चारही बाजूंनी चेहऱ्याला बसणारा आणि इनडायरेक्ट व्हेंटचा, म्हणजे हवा वळून आत येईल पण कण सरळ आत येणार नाहीत अशा झडपांचा घ्या. युरोपीय ईएन १६६ मानकाच्या खुणा बघा: एफ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगाच्या कणाचा मारा सोसणारा, बी म्हणजे १२० मीटरचा. आपल्या कामाला बी बरा. एन ही खूण वाफ न धरण्याची. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण वाफ धरणारा गॉगल दहा मिनिटांत कपाळावर जातो. कोरड्या फडक्याने पुसू नका, साबणाच्या पाण्याने धुवा.

तुमचा रोजचा चष्मा संरक्षण देत नाही. शिवाय त्याच्या दांड्या फेसमास्कच्या रबराखाली आल्या की हवा गळते आणि सिलिंडर लवकर संपतो. मास्कच्या आत बसणारी नंबरची फ्रेम मिळते. ती दलाकडे आत्ताच लेखी मागा.

एवढं करूनही काही गेलं तर चोळू नका. चुना, सिमेंट किंवा रसायन असेल तर जागेवरच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, मग दवाखाना. रुतलेला तुकडा उपटू नका, त्यावर दाबही देऊ नका. ग्राइंडरचा लोखंडी कण गेल्याची शंका असेल, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या आणि एमआरआय करायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना ते सांगा. चुंबकाने तो कण डोळ्याच्या आत हलू शकतो.