मॅटर पाठवलंय, जरा बघा ना! डिझाइन स्टुडिओतले तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की पुण्यात नारायण पेठेत आमचा तीन माणसांचा स्टुडिओ आहे, लोगो, लग्नपत्रिका, पुस्तकांची कव्हरं, दुकानांच्या पाट्या असं सगळं करतो, काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं बरीच आली, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न: ताई, मी बार्शीत घरूनच एकटी काम करते. एका मिठाईच्या दुकानाचा लोगो २००० रुपयांत घेतला, अकरा वेळा बदल करून दिला, आणि आता मालक म्हणतात ओपन सीडीआर फाइल (कोरलड्रॉमधली, बदल करता येणारी मूळ फाइल) पण द्या, पाटीवाल्याला हवीय. जास्तीचे पैसे मागितले तर म्हणतात, एवढंसं तर काम आहे. काय करू?

उत्तर: अगं, पहिली गोष्ट म्हणजे पाटीवाल्याला खरंच व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची फाइल लागते, जेपीजी मोठी केली की कडा फाटतात आणि मग बारा फुटी पाटीवर तुझंच काम वाईट दिसणार, त्यामुळे मागणी चुकीची नाहीये. सगळी अक्षरं कर्व्हमध्ये करून, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाहीत अशा आकारांत बदलून, फायनल लोगोची फाइल दे. पण ज्या फाइलमध्ये तुझे बाकीचे दहा पर्याय, कच्ची स्केचेस असं सगळं आहे ती द्यायची काही गरज नाही.

आता हक्काचं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्यात स्वतंत्र काम करणाऱ्या माणसाने काढलेल्या लोगोसारख्या रेखाटनाचा पहिला मालक सहसा तोच असतो, वेगळा करार झाला असेल तर गोष्ट वेगळी. (नोकरीत असतीस तर हक्क मालकाचा झाला असता.) हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाचच वर्षं धरतो. हे दुकानदाराला शांतपणे सांग, कारण पूर्ण हक्काचा कागद हातात असणं त्यांच्याच फायद्याचं आहे, उद्या ट्रेडमार्क करायला गेले की लागेल. तो कागद दे आणि त्याचे पैसे घे, अजिबात संकोच करू नको.

आणि पुढच्या कामाला सुरुवातीलाच एक पान लिहून पाठव, किती पर्याय देणार, किती वेळा बदल, त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचे किती, अर्धे पैसे आधी. आम्ही तीन पर्याय आणि दोनदा बदल एवढं ठेवतो. अकरा बदल होतात ते बहुतेक वेळा गिऱ्हाईक त्रासदायक असतं म्हणून होत नाहीत गं, त्याला काय हवंय हे आपण आधी नीट विचारलेलं नसतं म्हणून होतात. दुकानात जाऊन तासभर बसायचं, कोण येतं, काय विकत घेतं, पेढ्याच्या खोक्यावर काय छापलंय ते बघायचं, मग कागद पुढे ओढायचा.

अजून एक, पाटी करतच आहात तर मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर तसा नियम आहे, आणि सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले होते तेव्हा आमच्याकडे अक्षरशः रांग लागली होती. पण बऱ्याच जणांना इंग्रजी लोगोखाली कुठलातरी फॉन्ट चिकटवून हवा होता, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. तू मराठी नाव आधी काढ, इंग्रजी त्याच्या वळणाला जुळवून घे.

प्रश्न: नमस्कार मॅडम, नांदेडला नवीनच जॉइन झालोय. इलस्ट्रेटरमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मराठी मॅटर, म्हणजे मजकूर, पेस्ट केलं की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं तुटतात. ऑफिसमधले सीनियर म्हणतात श्रीलिपीच (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) वापर, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा कोड देणारी पद्धत) नादी लागू नको. कोणाचं ऐकू?

उत्तर: सीनियरचं का ऐकू नये असं मी म्हणणार नाही, कारण पुण्यात बनलेल्या त्या श्रीलिपीवर महाराष्ट्रातल्या कित्येक डीटीपीवाल्यांची घरं चालली आणि तिच्यातले काही फॉन्ट आजही देखणे आहेत. पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मॅटर आतून इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर बसलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसता चिवडा दिसतो, गुगलवर सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. तेच मॅटर आज पत्रिकेत, उद्या वेबसाइटवर, परवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असेल तर युनिकोडच.

वेलांटीचा इलाज सोपा आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात इंडिक ऑप्शन्स दाखवा असं एक टिकमार्क आहे ते चालू कर, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवड. पुस्तकाची पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये त्याचं वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर असं नाव आहे. मी हे कळायच्या आधी प्रत्येक जोडाक्षर हाताने जुळवत बसायचे, अख्खी दुपार जायची.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बालू घे, दोन्ही फुकट आणि व्यावसायिक कामालाही चालतात. मुक्तामध्ये बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, म्हणजे अख्खी पुस्तिका एका फॉन्टमध्ये होते. उगाच कुठूनतरी चोरून आणलेले फॉन्ट वापरू नकोस, कोणीतरी वर्ष वर्ष बसून एकेक जोडाक्षर काढलेलं असतं.

फॉन्ट निवडताना आधी 'ऱ्य' टाइप करून बघ. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाची ऑर्डर द्यायची! ज्या फॉन्टला हा फरक दाखवता येत नाही तो मराठीच्या कामाचा नाही, कितीही सुंदर असू दे. मग रेफ, वरचा अनुस्वार आणि खालचा उकार बघ, दोन ओळी जवळ घेतल्या की हेच एकमेकांत घुसतात. इंग्रजीला पुरतं तेवढं ओळींतलं अंतर देवनागरीला पुरत नाही, जरा सढळ हाताने सोड.

प्रश्न: माझा मुलगा यंदा बारावीला आहे. इंजिनिअरिंग नको, अप्लाइड आर्टच करायचं म्हणतो. घरी सगळे म्हणतात आता एआय एका मिनिटात चित्रं काढतं, यात काय राहिलंय? आई म्हणून काळजी वाटते. (सातारा)

उत्तर: काळजी वाटणारच, माझ्या आईलाही वाटली होती. एआयने आमच्याकडची काही कामं गेलीत हे खरं आहे, पटकन एखादं चित्र हवं असेल तर लोक आता स्वतःच काढून घेतात. पण त्याच चित्रांत मराठी मजकूर बघितलात तर अजून कितीदा तरी वेलांट्या उलट्या आणि अक्षरं अर्धवट असतात. कमल शेडगे यांनी कितीतरी मराठी नाटकांची नावं हाताने रेखाटली, पेपरातल्या जाहिरातीत नुसतं नाव बघून नाटक गंभीर आहे की हसवणारं ते कळायचं, तर ते कळणं हे नाटक समजून घेण्यातून आलेलं होतं. मुलाला हे समजून घ्यायची आवड आहे का एवढं बघा. बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची असते आणि राज्याची त्यासाठी वेगळी सीईटी होते, बारावीच्या गडबडीत तिचा फॉर्म राहून जातो, तेवढं लक्षात ठेवा. आणि सुट्टीत त्याला ओळखीच्या एखाद्या प्रेसमध्ये महिनाभर पाठवा, शाईचा वास आणि पहाटेपर्यंतचं काम बघूनही त्याला हेच करायचं असेल तर मग अडवू नका.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र कराडला स्टुडिओ चालवतो. पत्रिकेत मुलाच्या आजोबांचं नाव चुकलं, ५०० प्रती छापून झाल्या. मॅटर त्यांनीच चुकीचं दिलं होतं, पण नुकसान आम्ही भरलं. बरोबर केलं का?

उत्तर: दादा, हे वाचून पोटात खड्डाच पडला, कारण आमच्याकडे असंच झालंय. तारीख बरोबर होती आणि वार चुकला होता. आम्ही तिघांनी वाचलं, त्या घरातल्या चार जणांनी वाचलं, कोणालाच दिसलं नाही, आणि पत्रिका वाटायला निघाल्यावर नवऱ्या मुलीच्या मावशीला दिसलं. पुन्हा छापल्या, अर्धा खर्च आम्ही घेतला आणि अर्धा त्यांनी आपणहून दिला.

मॅटर त्यांचं, चूक त्यांची, आणि त्यांनी प्रूफ (छापण्याआधीची तपासायची प्रत) पास केलेलं असेल तर खर्च त्यांचाच, हे सांगायला तुम्हाला पूर्ण हक्क होता. पण पास कसं केलं होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा आला असेल तर तो आम्ही आता धरत नाही. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, फोटो म्हणून पाठवलं तर दाबून धूसर होतं आणि अनुस्वार दिसतच नाहीत. मग एक प्रिंट काढून घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवतो आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो, प्रत्येक नाव, तारीख, वार, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि त्याच कागदावर सही घेतो. गेल्या आठवड्यात एक आजी वाचता वाचता थांबल्या, म्हणाल्या "अगं, ह्यांचं नाव राहिलं की", आणि आजोबांचं नाव खरंच मॅटरमध्येच नव्हतं. छपाईची प्लेट काढायला जायची होती त्याच दुपारी.