टिका टी३एक्स लाइट ही हलकी रायफल वापरणाऱ्यांचं मत काय आहे? गोव्यात रानडुकरांसाठी अशी रायफल घेता येईल का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. न्यूझीलंडमधल्या तुमच्या मावसभावाने घेतलेली टिका टी३एक्स लाइट वापरणाऱ्यांना कशी वाटते, हा एक. आणि सत्तरी तालुक्यात तुमचं कुळागर (सुपारी-केळीची बाग) आहे, डुकरं केळी-सुरण उकरून टाकतात, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, तर तशीच रायफल इथे मिळेल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर "नाही". पण नुसतं नाही म्हणून तुमची केळी वाचणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळचा डिचोलीचा. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये काही वर्षं डेअरी फार्मवर कामाला होतो. तिथला परवाना काढला, टी३एक्स लाइट वापरली, आणि आमच्या फार्मवर व शेजारपाजारी ज्यांच्याकडे ती होती त्यांची कौतुकं आणि कुरकुरी दोन्ही ऐकल्या.

आधी हे समजून घ्या की तिकडे हलक्या रायफलीचं एवढं वेड का. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं, डुकरं, शेळ्या सगळे बाहेरून आणलेले, आणि ते जंगल खातात म्हणून मारले तर सरकारला हवंच असतं. आपला हिमालयातला थार, म्हणजे रानबकरा, १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडला, तो आता तिथल्या पर्वतांवर पसरलाय. या थारामागे जायचं म्हणजे पाठीवर तंबू, शिधा, पाणी घेऊन दिवसभर उभा चढ चढायचा. वर एक गोळी झाडायची, आणि मग मांस पाठीवर घेऊन तोच चढ उतरायचा. अशा माणसाला रायफलीतला एक किलो कमी झाला तर संध्याकाळी गुडघे दुवा देतात. लष्करातली जुनी ३०३ बोरची रायफल सुमारे ४ किलोची होती. टी३एक्स लाइट कॅलिबरप्रमाणे ३ किलोच्या थोडी आत भरते.

आता मतं. कौतुक सर्वांत जास्त होतं ते बोल्टचं, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याचं. हँडल वर उचलायला फक्त सत्तर अंशांचा फेर, त्यामुळे वर दुर्बीण बसवलेली असली तरी बोटं तिला आपटत नाहीत. मागे ओढताना कुठे अडखळत नाही, खडखडत नाही. हातमोजे घालून, थंडीने बोटं बधिर झालेली असताना याची किंमत कळते. दुसरं कौतुक घोड्याचं, म्हणजे ट्रिगरचं. दाबताना आधी सरकत नाही, काच मोडावी तसा सुटतो, आणि त्याचा ताण एका स्क्रूने कमीजास्त करता येतो. तिसरं नेमाचं. टिका बनवणारा फिनलंडमधला साको कंपनीचा कारखाना ती बाहेर पाठवतानाच तीन गोळ्यांचा एक एमओएचा भरवसा देतो, म्हणजे शंभर मीटरवर तिन्ही गोळ्या साधारण तीन सेंटिमीटरच्या आत. या किमतीच्या रायफलीत हे मिळतं म्हणूनच ती तिथे इतकी खपते.

कुरकुरी ऐकायच्या तर पहिली प्लॅस्टिकची. मॅगझिन प्लॅस्टिकचं, घोड्याभोवतीची कडी प्लॅस्टिकची, दस्ता पोकळ. २००३ साली आलेल्या टी३ मध्ये बोल्टच्या मागचं टोपणसुद्धा प्लॅस्टिकचं होतं आणि दस्ता झुडपाला घासला की डबा वाजवल्यासारखा आवाज यायचा. २०१६ च्या टी३एक्समध्ये टोपण धातूचं केलं, दस्त्यात फोम घातला, आतली ॲल्युमिनियमची रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर पेलणारा तुकडा) पोलादी केली. मॅगझिन मात्र तसंच राहिलं, तीन गोळ्यांचं, आणि जादा मॅगझिन घ्यायला गेलात तर किंमत ऐकून चाट पडाल. माझं मत विचाराल तर प्लॅस्टिकबद्दल ओरडणाऱ्यांपैकी कुणाचं प्लॅस्टिक फुटलेलं मी पाहिलं नाही. लाकूड आणि निळसर पोलादावर ज्यांचं प्रेम आहे त्यांना ही रायफल कधीच आवडणार नाही, आणि त्यात त्यांचंही चुकत नाही.

खरी गोम वजनातच आहे, आणि ती टिकाचीच नाही, सगळ्याच हलक्या रायफलींची आहे. काडतूस तेच आणि रायफल चार किलोंऐवजी तीन किलोंची, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. डोंगरावर जनावरासमोर हा धक्का जाणवतसुद्धा नाही. पण चांदमारीवर बाकावर टेकून दुर्बिणीचा नेम जुळवताना दहाबारा गोळ्या झाडल्या की माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. ही खोड एकदा लागली की महिनोन्महिने जात नाही. म्हणून तिथले जाणते लोक हलक्या रायफलीत मोठं काडतूस घालायचं टाळतात. सातएमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमोर अशी मध्यम काडतुसं घेतात आणि पुढे सायलेन्सर लावतात, जो तिथे कायदेशीर आहे. सायलेन्सर, दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा, गोळ्या, सगळं धरलं तर "लाइट" रायफल पुन्हा चार किलोंच्या घरात जाते, हा विनोद मालक लोक स्वतःच करतात.

बारीक नळीचंही तसंच. लागोपाठ चार-पाच गोळ्या झाडल्या की ती हाताला चटका देते आणि गोळ्या हळूहळू पांगायला लागतात. मग नवखा माणूस समजतो दुर्बीण सैल झाली, आणि स्क्रू फिरवत बसतो. शिकारीत पहिली, थंड नळीची गोळी महत्त्वाची, तिथे ही अडचण येत नाही. नेम जुळवताना मात्र तीन गोळ्या, मग चहा, मग तीन गोळ्या, असं चालायचं. शिवाय उभ्याने नेम धरताना हलकं तोंड वाऱ्यावर डोलतं. जड नळी स्वतःच्या वजनाने जागेवर राहते, हलकीला टेकू लागतो: दोन पायांची काठी, पाठपिशवी, काहीही. तुमच्या भावाला एवढंच सांगा की पैसे उरले तर दुसरी रायफल न घेता चांगली दुर्बीण आणि चांदमारीच्या गोळ्या घे.

आता इकडचं. थोडक्यात माझं म्हणणं असं: हलकी रायफल हे पायांच्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि तुमचं दुखणं पायांचं नाही. कुळागरात तुम्ही डोंगर चढत नाही. तुम्ही मांगरात (बागेतल्या खोपीत) किंवा माळ्यावर बसता आणि डुक्कर तुमच्याकडे येतं, तेही वीस-तीस मीटरवर, काळोखात. तिथे तीनशे मीटरवर नेम साधणारी रायफल लागतच नाही.

आणि कायद्यानेही ती तुमच्या परवान्यात बसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक म्हटली आहे. ती पुरी पडत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलीच्या नळीत पेच असतात, त्यामुळे ती या कलमातच येत नाही. तिच्यासाठी वेगळ्या कारणाने वेगळा अर्ज करावा लागतो, आणि "डुकरं येतात" एवढ्यावर तो पुढे सरकणं अवघड. त्यातून परदेशी रायफल साध्या परवानाधारकाला आयात करता येत नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांना आहे. भाऊ सुट्टीवर येताना सामानात घेऊन येईल असं कुणी सुचवत असेल तर दाबोळी किंवा मोपाला उतरल्यावर काय होईल याचा विचार करा.

रायफलच हवी असा हट्ट धरणाऱ्या परवानाधारकाच्या वाट्याला आपल्याकडे बहुतेक ३१५ बोरची देशी रायफल येते. ईशापूरच्या कारखान्याची, ली-एनफिल्डच्या घाटणीची, आठ एमएमचं काठवाल्या बुडाचं काडतूस. इंग्रजांनी लष्करी बोर प्रजेच्या हाती जाऊ नये म्हणून ३०३ बंद ठेवली, त्यातून हा बोर इथे रुजला. गोळी जड, सुमारे १६ ग्रॅमची, मऊ नाकाची. जवळच्या अंतरावर डुकराला भारी आहे. पण बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जोर लावावा लागतो आणि घोडा लांब ओढावा लागतो. टिका हाताळून आलेल्याला ती बैलगाडी वाटेल. म्हणून वाईट म्हणत नाही, तिचं वय लक्षात घ्या.

तरीही मी तुम्हाला रायफल घ्या म्हणणार नाही, आणि याचं कारण कायद्यापेक्षा आपला गोवा आहे. रायफलीची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. सत्तरीत तीन किलोमीटरच्या आत किती वाडे येतात ते तुम्हीच मोजा. पहाटे काजूला जाणारे, रबर काढणारे, शेजाऱ्याच्या कुळागरात पाणी सोडायला गेलेले लोक असतात. त्यात आपल्याकडे चिऱ्याची जमीन. गोळी चिऱ्याच्या कातळावर आपटली की कुठे उसळेल याचा नेम नाही. बारा बोरच्या बंदुकीचे एसजी, म्हणजे मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरवर काम करतात आणि लवकर दम सोडतात, म्हणून कुळागरात तेच बरे. न्यूझीलंडच्या परवान्याच्या परीक्षेत एक नियम घोकून घेतात: लक्ष्य काय आहे याची तिळमात्र शंका असेल तर घोड्याला बोट लावायचं नाही. डोळे चमकले, झुडूप हललं, एवढ्यावर नाही. डुक्कर समजून माणसावर गोळी गेल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचलेल्या आहेतच.

आणखी एक, जे परवानाधारक सर्रास विसरतात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासधूस होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कलम ११ खाली लेखी, कारणासह परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना मारलंत तर गुन्हा, आणि वर मांस वाटलंत तर पुरावा घरोघरी पोचवला असं समजा. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कायदा समजून घेतो. तिथे माणसाचा जीव असतो, केळीचा नाही. गवा तर पहिल्या अनुसूचीत आणि शिवाय राज्यप्राणी, त्याच्याकडे नळी वळवूसुद्धा नका.

तुमच्या जागी मी असतो तर आधी वाल्पईच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन सौर कुंपणाच्या अनुदानाचं विचारलं असतं. डुक्कर नाकाने उकरून खालून शिरतं, म्हणून खालची तार जमिनीपासून वीतभरच वर ठेवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तिच्याखालचं गवत कापा, नाहीतर करंट गवतातून जमिनीत उतरतो. नासधूस झाली की उकरलेल्या जागेचे फोटो त्याच सकाळी काढा. पाऊस पडला की खुणा जातात आणि नुकसानभरपाईचा अर्ज लटकतो. परवान्याची बंदूक असू द्या, पण निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमकी तेव्हाच केळीला घड धरलेले असू शकतात. कुंपण कुणी जमा करून घेत नाही.