टॅगवर ‘चालू’ लिहिलं होतं

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवी मुंबईतला रबाळ्याचा कारखाना, साठ माणसं, त्यातली पंचेचाळीस ठेकेदाराची. तीन भाषांत बोर्ड लावले, ट्रेनिंग दिलं, रजिस्टरवर सह्या घेतल्या, आणि तरीही परवा एका पोराने टॅग (मशीनवर कुणी काम करतंय हे सांगणारी पाटी) लटकवलेला स्विच सुरू केला. नशिबाने कुणाला काही झालं नाही. आता मॅनेजमेंट म्हणतंय, ऐकत नाहीत तर दंड लावा. तुम्ही विचारलंय की दंड लावावा का, आणि ही माणसं वाचूनसुद्धा दुर्लक्ष का करतात.

मी महापे, पवने, रबाळे या पट्ट्यात मेंटेनन्स आणि नंतर सेफ्टी अशी मिळून बावीस वर्षं काढली. मी वकील नाही, सरकारी माणूस नाही. माझा अनुभव छोट्या आणि मध्यम केमिकल युनिटचा आहे, त्यामुळे सगळंच तुमच्याकडे लागू पडेल असं नाही. हेल्मेट, गॉगल, अर्थिंग, फायर एक्स्टिंग्विशर यावर मी लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं माहीत असेल. मला बोलायचंय ते टॅगबद्दल, कारण तुमची परवाची गोष्ट माझ्याकडे नशिबाशिवाय घडली होती.

२०११ चा पावसाळा. आमच्याकडे पावडर मिक्स करायचे दोन रिबन ब्लेंडर शेजारी शेजारी होते आणि दोघांचे स्विच एकाच पॅनलवर. एक नंबरच्या खालच्या तोंडाशी पावडर दमट होऊन गच्च बसली होती. आमचा फिटर, चिपळूणकडचा, माझ्याच वयाचा, ती काढायला हात घालून बसला. बसण्याआधी त्याने पॅनलवर टॅग लटकवला. तो टॅग मी छापून घेतला होता. इंग्रजी टॅग कुणी वाचत नाही म्हणून मी हौसेने मराठीत केला होता. वर लाल, मोठ्या अक्षरांत ‘काम चालू आहे’. खाली बारीक अक्षरांत ‘कृपया स्विच सुरू करू नये’. जागा कमी पडली म्हणून प्रेसवाल्याने विचारलं, कुठला शब्द मोठा करू? मी म्हटलं, मधला कर, लांबून दिसेल.

शिफ्ट इनचार्जने लांबून ओरडून सांगितलं, ‘ब्लेंडर चालू कर.’ त्याला दोन नंबर म्हणायचं होतं. हेल्पर जौनपूरकडचा, येऊन आठ दिवस झालेले, अक्षर अक्षर जुळवून वाचणारा. तो पॅनलपाशी गेला. दोन स्विच, त्यातल्या एकावर पाटी, पाटीवर मोठ्ठं ‘चालू’. त्याने तोच दाबला. पातं अर्धा फेरा फिरलं असेल. फिटरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

रात्री हॉस्पिटलच्या बाहेर तो पोरगा भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्यावर ओरडलो. तो एवढंच म्हणाला, ‘साहब, उसपे चालू लिखा था.’

ताई, त्याने दुर्लक्ष केलं नव्हतं. त्याने पाटी वाचली, आणि पाटीने सांगितलं तसंच केलं. मराठीत काम चालू असतं आणि पंखाही चालू असतो, हिंदीतही तसंच. हे मला छापताना सुचलं नाही, कारण मी ती पाटी माझ्या टेबलावर बसून वाचत होतो. घाईत, आवाजात, आठ दिवसांच्या नव्या माणसाच्या डोळ्यांनी मी ती एकदाही वाचली नव्हती.

पुढे चौकशी झाली. एका कार्यालयातून साहेब आले. रजिस्टर मागितलं, हेल्परची सही बघितली, पुढचं पान उलटलं. मी टॅगचा विषय काढला तर म्हणाले, ‘स्थानिक भाषेत आहे ना, मग झालं.’ पोराने त्या चाळीस मिनिटांच्या ट्रेनिंगमधलं काय समजून घेतलं होतं, हे कुणीच विचारलं नाही. ते ट्रेनिंग बाहेरच्या एका एजन्सीने घेतलं होतं, इंग्रजी स्लाइड आणि मधूनमधून मराठी. त्याला दोन्ही येत नव्हतं. अहवालात कारण लिहिलं गेलं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आणि त्याखाली माझी सही आहे. ठेकेदाराने पोराला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. तो कुठे गेला, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ती सही आहे. तुम्ही नव्या आहात, तुमच्यापुढे असा कागद येईल तेव्हा माझी आठवण ठेवा.

टॅगबरोबर कुलूप का नव्हतं, हे तुम्ही विचाराल आणि ते बरोबरच आहे. कुलपं होती, मेंटेनन्सच्या केबिनमध्ये, कपाटात. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून आणली नाहीत. टॅग विनंती करतो, कुलूप अडवतं. ज्याचा हात मशीनमध्ये जाणार त्याचं स्वतःचं कुलूप, एकच चावी, ती त्याच्याच खिशात, आणि कुलूप लावल्यावर एकदा बटण दाबून मशीन खरंच सुरू होत नाही ना हे बघणं. यात मी आता एक मिनिटही सूट देत नाही. पॅनलवर मशीनचे नंबरसुद्धा वीतभर उंचीचे रंगवून घ्या. आमच्या पॅनलवरचे नंबर पावडरखाली केव्हाच गेले होते.

आता भाषेचं. यावर माझी मतं ठाम आहेत, कुणाला पटणार नाहीत, हरकत नाही.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘झाकण उघडू नका’ हे सावकाश वाचणारा माणूस आधी ‘झाकण उघडू’ वाचतो. ग्रीसचा हात आधी पाटीच्या कडेला लागतो, वर्षभरात ‘नका’ पुसलं जातं आणि उरतं ते उलट सांगणारं वाक्य. म्हणून मी टॅगवर ‘चालू’, ‘सुरू’, ‘बंद’, ‘उघडा’ हे शब्दच ठेवत नाही. नंतर मी केलेला टॅग असा होता: वर त्या फिटरचा फोटो, खाली ‘आत माझा हात आहे’, त्याखाली त्याचं नाव. बस. हिंदी वेगळी लागली नाही, मराठी न येणाऱ्यांनाही फोटो आणि ‘हात’ कळत होतं. प्रत्येक फिटरचे स्वतःचे दोन टॅग, लॅमिनेट केलेले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या युनिटने हे उचललं, तिथेही चाललं.

दुसरं, बोर्डावरची पुस्तकी मराठी. ‘ज्वालाग्राही’, ‘संक्षारक’, ‘निषिद्ध’ हे शब्द तुर्भे स्टोअर्समधला मराठी माणूससुद्धा तोंडाने कधी बोलत नाही, तिथे बिहारच्या पोराचं काय? ‘पेट घेतं’ लिहा, ‘कातडी जाळतं’ लिहा. आणि लिहिण्याआधी खाली शॉपमध्ये जाऊन विचारा की तुम्ही याला काय म्हणता. आमच्याकडे कॉस्टिकला सगळे ‘सोडा’ म्हणायचे, बोर्डावर मात्र ‘सोडियम हायड्रॉक्साइड’. त्या बोर्डाचा आणि त्या ड्रमचा संबंध कुणाच्या डोक्यात जोडलाच गेला नव्हता.

चित्रं लावली की भाषेचा प्रश्न सुटतो, असंही मानू नका. ड्रमवरची लाल चौकटीची नऊ चिन्हं मी एकदा एकेका माणसाला दाखवून विचारलं. हातावर थेंब पडतोय ते चिन्ह, म्हणजे कातडी आणि धातू खाणारं, एकाने सांगितलं ‘हात धुवायचं लिक्विड’. छातीवर चांदणीसारखं फुटलेलं चिन्ह, जे श्वासाला किंवा शरीराच्या आत दीर्घकाळ अपाय करणाऱ्या मालावर असतं, ते दुसऱ्याला ‘ताकदीचं औषध’ वाटलं. नुसती ज्योत आणि गोलावरची ज्योत यांतला फरक तर आमच्या केमिस्टलाही सांगता आला नाही. गोलावरची ज्योत म्हणजे तो माल दुसऱ्याला पेटायला मदत करतो, तो ज्वलनशील मालाशेजारी ठेवायचा नाही. आकड्यांचा घोळ वेगळाच. टाक्यांवरच्या हिऱ्याच्या आकाराच्या चौरंगी पाटीत ० ते ४ असतात आणि ४ सगळ्यात वाईट. मालाच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे धोक्यांच्या माहितीपत्रकात, कॅटेगरी १ सगळ्यात वाईट. दोन्ही एकाच दिवशी शिकवलंत तर माणूस उलटंच लक्षात ठेवणार. मी कामगारांना आकडे शिकवणंच सोडलं. तीन चिन्हं, त्यांच्याच शॉपमधल्या मालावरची, एवढंच.

शिकवताना ‘समजलं का?’ हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याला एकच उत्तर असतं, ‘हो साहेब.’ नाही म्हणणारा चारचौघांत अडाणी ठरतो आणि ठेकेदार ते बघत असतो. त्याऐवजी त्याला पॅनलपाशी न्या आणि म्हणा, ‘हा टॅग दिसला तर तू काय करशील, करून दाखव.’ एका माणसाला दोन मिनिटं लागतात. पंचेचाळीस माणसं म्हणजे दीड तास, तो आठवड्यात वाटून घ्या. रजिस्टरमध्ये सहीशेजारी ‘काय करून दाखवलं’ असा एक रकाना वाढवा. मेल गाडीचा लोको पायलट आणि त्याचा सहाय्यक सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात, दोघंही वर्षानुवर्षं तोच मार्ग चालवत असले तरी. आम्ही स्विचला हात लावण्याआधी मशीनचा नंबर बोटाने दाखवून मोठ्याने बोलायची सवय लावली. पहिला महिना पोरं लाजली, मग अंगवळणी पडलं.

वासाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, विषय थोडा बाजूला जातो. तुमच्याकडे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, असेल तर तिथल्या माणसांना विचारा, सडक्या अंड्याचा वास येत होता आणि मग थांबला, तर काय समजायचं? बहुतेक जण म्हणतील, गॅस गेला. हायड्रोजन सल्फाइड साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास थांबणं हीच धोक्याची सूचना असू शकते. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात साचतो, आणि आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही जातो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही, आणि ते नाकाला कळत नाही, मीटरलाच कळतं. हे बोर्डावर लिहून शिकवता येत नाही. चहाच्या वेळी बसून सांगावं लागतं, आणि सांगणारा मुकादम असेल तर जास्त ऐकतात.

मुकादमाचं मी मुद्दाम म्हणतोय. कामगार तुमचं ऐकत नाही, तो ज्याच्यामुळे कामाला लागला त्याचं ऐकतो. मुकादम ‘चल, लवकर उरक’ म्हणाला की तुमचे तीन भाषांतले बोर्ड मागे पडतात. त्याला आधी शिकवा, वेगळं, मानाने, सगळ्यांसमोर न बोलता. आणि ठेकेदार ट्रेनिंगच्या तासाचे पैसे कापतो का, हे गुपचूप विचारून घ्या. आमच्याकडे कापत होता. मग त्या तासात पोरांचं लक्ष कुठे असणार? ते मी भांडून बंद करवलं, आणि हे आधी करायला हवं होतं.

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. परवाच्या पोराला दंड लागला तर पुढच्या वेळी चुकून स्विच दाबला गेल्याचं तुम्हाला कळणारच नाही. त्यालाच विचारा, टॅगवर काय वाचलंस, काय समजलास. त्याच्याकडून जे कळेल ते कुठल्याही सल्लागाराकडून कळणार नाही. मॅनेजमेंटला कायद्याची भाषा लागत असेल तर सांगा की भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी कलमं आली त्यांत धोक्याची माहिती कामगाराला देणं ही कारखान्याची जबाबदारी केली, आणि सेफ्टीची माहिती मिळवण्याचा हक्क कामगाराला दिला. आता नव्या कामगार संहितांमुळे कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा अर्जात क्रमांक टाकण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या.

जाता जाता दोन बारक्या गोष्टी. ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, पहिल्या दिवशीच झालं आहे ना, स्वतः बघा. कामावरच्या इजेसाठी किती महिने भरले याची अट नसते, पण नोंदच नसेल तर माणूस आणि त्याचं घर दोन्ही टेबलांवरून फिरत राहतं. आमच्या फिटरची नोंद होती म्हणून त्याला पुढे काहीतरी मिळत राहिलं. आणि सीबीडी बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल आहे, तिथे पोस्टर मिळतात, जाऊन या. पण आणलेलं पोस्टर भिंतीवर जाण्याआधी पाच कामगारांना दाखवून ‘हे काय सांगतंय?’ एवढं विचारा. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घेतलीत तरी चालेल, हा प्रश्न मात्र वर्षभर विचारत राहा.

तुमच्या टॅगवर नेमका काय मजकूर आहे, ते पोस्टमध्ये नाही. फोटो टाका. कोणता शब्द मोठा आहे आणि ‘नका’ कुठे आहे ते मला बघू द्या, आणि नवीन छापायला दिले असतील तर आजच प्रेसला फोन करून थांबवा.