प्रोसेसर आणि मेमरी एक होणार म्हणतात, मग आता घेतलेला लॅपटॉप दोन वर्षांत भंगारात जाईल का?

नाही जाणार. बिनघोर घ्या. पण तुम्ही जे ऐकलंय ते खोटं नाही.

मी करवीर तालुक्यातला, त्यामुळं उसावरच सांगतो. सीझनला कारखान्याच्या गेटपुढं ट्रॅक्टरांची रांग लागते. गाळप पटकन होतं, वेळ खाते ती वाहतूक. डिझेल जळतं, ऊस वाळून वजन घटतं ते वेगळंच. कॉम्प्युटरचं १९४५ पासून हेच चाललंय. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाच्या आराखड्यात हिशेब एकीकडं, मेमरी दुसरीकडं, आणि मधे रस्ता. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले आकडे बघा: दशांश आकड्यांची ३२ बिटांची एक बेरीज करायला सुमारे ०.९ पिकोज्यूल (ज्यूलचा लाख कोटीवा भाग) ऊर्जा, आणि तेवढाच आकडा चिपबाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, आणायला सहाशेच्या वर. रुपयाचा माल, सातशे रुपये भाडं!

मग बांधावरच गुऱ्हाळ टाकलं तर? सॅमसंगनं २०२१ मध्ये मेमरी चिपच्या आतच छोटी गणन-युनिटं बसवून दाखवली. दुसरी वाट मला जास्त भारी वाटते. तिथं मेमरीच्या पेशीतून, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यातून, वीज किती सहज वाहते (विद्युतरोध किती कमी) हाच साठवलेला आकडा. व्होल्टेज दिलं की ओहमच्या नियमानं आपोआप गुणाकार होतो, आणि एका तारेत सगळ्या पेशींचे प्रवाह मिळाले की बेरीज. आकडा जागचा हललाच नाही, हिशेब झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएस्सी) गटानं २०२४ मध्ये अशा एका पेशीत १६,५०० वेगवेगळ्या पातळ्या मिळवल्या. साध्या पेशीत ० आणि १, दोनच.

अडचण अशी की गुऱ्हाळात प्रत्येक आधण सारखं उतरत नाही. इथंही रोध हळूहळू सरकतो, उत्तर थोडं चुकतं. शिवाय प्रवाहाचा पुन्हा आकडा करणारी सर्किटं जागा आणि वीज खातात, वाचवलेलं तिथं जातं. आणि गुऱ्हाळात गूळच होतो. एआयचे ढीगभर गुणाकार-बेरजा यावर झकास चालतील, पण तुमचं विंडोज आणि टॅली चालवायला नेहमीचा प्रोसेसरच लागणार.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लॅपटॉप बघायला जाल तेव्हा एवढंच विचारा: रॅम १६ जीबीची एकच पट्टी आहे, की ८-८ च्या दोन? दोन असतील त्या घ्या. मेमरी आणि प्रोसेसरमधे दोन वाटा मिळतात, जशा काट्यावर एकाऐवजी दोन रांगा.